पिंपळडोहचं पाणी

बाटलीचं बूच काढायचं, बाटली नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे. मग बूच लावून ती खिडकीच्या उजेडात धरायची आणि हळूच एकदा उलटी-सुलटी करायची. एवढं झाल्याशिवाय भाऊ पाण्याच्या नमुन्याला पुढे हात लावत नसत. कोणी हसून विचारलं, "भाऊ, तपासायला यंत्र आहे ना?" तर ठरलेलं उत्तर येई, "यंत्राले मंजुरी लागते. नाकाले नाही लागत."

तुम्हीही असा एखादा माणूस कचेरीत पाहिला असेल. तो नेमकं काय काम करतो ते निम्म्या कचेरीला सांगता येत नाही, पण त्याची रजा मात्र सगळ्यांच्या लक्षात येते. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणत असू. मीही इथे तेवढंच म्हणेन.

पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा तेव्हा नुकताच झाला होता. कायदा नवा, खातं नवं, आणि आमची नागपूरची कचेरी म्हणजे सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्याच्या मागच्या चार खोल्या. एकीत साहेब, एकीत आम्ही कारकून, एकीत कपाटं, आणि पूर्वी जिथे स्वयंपाकघर होतं तिथे प्रयोगशाळा. ओट्याच्या फरशीवर हळदीचे डाग तसेच होते. त्या ओट्यावर भाऊंच्या बाटल्या रांगेनं उभ्या असत, आणि प्रत्येकीवर छापल्यासारख्या अक्षरात चिठ्ठी: कोणता नाला, कोणती विहीर, कोणता दिवस.

मी तिथे टायपिस्ट होते. वय तेवीस, नोकरी तात्पुरती. दर सहा महिन्यांनी ती वाढवून घ्यावी लागे. भाऊंचे अहवाल मीच टाइप करत असे. ते स्वतः प्रत्येक ओळ वाचत. एकदा मी नाल्यात "गाळ" वाहतो आहे याऐवजी "माळ" वाहते आहे असं टाइप केलं. ते कागद घेऊन आले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "बाई, हे दुरुस्त करा. नाल्यात माळ वाहून राहिली म्हणाल तर लोक पूजेले येतील."

आमच्या खात्याचं काम सांगायला सोपं होतं. कारखान्यानं नदीनाल्यात काय सोडलं ते तपासायचं आणि त्याला संमतिपत्र द्यायचं किंवा नाकारायचं. संमतिपत्राशिवाय कारखाना चालवता येऊ नये, असा कायदाच होता. भाऊ नमुने आणत, तपासत, अहवाल लिहीत. सही साहेबांची. जीप एकच होती आणि ती बहुधा साहेबांच्या कामात असे, म्हणून भाऊ एसटीच्या टपावर सायकल टाकून जात, फाट्यावर उतरत आणि पुढे सायकलनं. कॅरिअरला लाकडी खोकं बांधलेलं, खोक्यात भुसा, भुशात बाटल्या. फाट्यावरचा चहावाला त्यांना अंडी विकणारा समजत असे. भाऊंनी त्याचा समज कधी दुरुस्त केला नाही.

ते मूळचे रामटेककडचे, धानाच्या शेतीतले. आधी शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत होते, तिथून या नव्या खात्यात आले. पाण्याची खोड अंगातच मुरलेली. आमच्या हेडक्लार्कच्या मुलीचं लग्न महाल भागात, मुलाकडच्या वाड्यात होतं. पंगत बसली, पेले भरले, आणि भाऊंनी सवयीनं पेला नाकाशी नेला. मुलाचे वडील समोरच उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. "काय झालं जी?"

भाऊ ओशाळले. "काही नाही. पाणी चांगलं आहे. विहिरीचं आहे, अन् विहिरीजवळ कडूनिंब आहे."

कडूनिंब होता. वरपित्यानं ते सगळ्या मांडवात सांगितलं, आणि पुढची पूर्ण पंगत जेवण्याआधी पेले हुंगत बसली. भाऊ खाली मान घालून भात कालवत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

शहरापासून काही कोसांवर कोळशावरचं वीज केंद्र उभं राहिलं होतं. त्या वर्षांत विजेची काय दशा होती, ते ज्यांनी पाहिलं त्यांनाच कळेल. आमचं घर गोळीबार चौकाजवळ, विणकरांच्या वस्तीत. वडिलांनी जन्मभर हातमाग चालवला. भावानं तो मोडून दोन यंत्रमाग टाकले, आणि वीजकपात सुरू झाली. माग थांबले की सगळी गल्ली गप्प होई. भाऊ माझा, सख्खा, मागाच्या दांडीवर हात ठेवून दिव्याकडे बघत बसे.

म्हणून सरकार म्हणत होतं "आधी वीज", तेव्हा ते मला खोटं वाटत नव्हतं. मंत्री भाषणात तेच सांगत, वर्तमानपत्रं तेच लिहीत, आमची आई तेच म्हणे. केंद्र वाढवायचं, वीज बनवणारा आणखी एक संच बसवायचा, खेड्यापाड्यात तारा न्यायच्या. यात वाईट काय होतं?

कोळसा जळला की राख उरते. ती पाण्यात कालवून मोठ्या पाइपातून दूर नेत आणि मातीच्या बंधाऱ्यामागे सोडत. राख तळाला बसावी, वरचं निवळ पाणी नाल्यात जावं, असं कागदावर ठरलं होतं. नाल्याच्या खालच्या अंगाला पिंपळडोह नावाचं लहानसं गाव होतं. तीस-पस्तीस घरं, धानाची शेतं, नाल्याकाठी एक विहीर. भाऊ दर महिन्याला तिथे जात. बाटली संध्याकाळपर्यंत ओट्यावर ठेवली की तळाशी राखेची साय धरलेली दिसे. दुधावरची साय वर येते, ही खाली बसे. भाऊ ती बराच वेळ बघत उभे राहत.

विहीर गिरजाबाईच्या आवाराला लागून होती. नवरा, म्हातारी सासू, दोन लेकरं असं तिचं घर. हे मला भाऊंनीच एकदा सांगितलं, डबा खाताना.

"दर महिन्याले मले एकच विचारते. भाऊ, हे पाणी पिऊ का नको पिऊ, एवढंच सांगा."

"मग तुम्ही काय सांगता?"

"अहवाल साहेबाकडे जाते म्हणतो. साहेब कळवतील म्हणतो."

"पण तुम्हाला तर ठाऊक आहे!"

"नियम आहे ना बाई. अहवाल गुप्त. अन् सांगितलं तर उद्या गाव पाइपावर जाऊन बसन, पोलीस येतीन, लाठ्या चालतीन. फायलीनं काम होते. उशिरा होते, पण होते." त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "मी गेलो की चहा करते ती. त्याच पाण्याचा."

"आणि तुम्ही पिता?"

"नाही म्हटलं असतं तर तिले समजलं असतं ना."

मला तेव्हा त्यांचं कौतुक वाटलं. आता तो डबा आठवला की वेगळं वाटतं.

वीज केंद्राच्या वाढीसाठी संमतीचा अर्ज आला, तेव्हा भाऊ सलग आठवडाभर पिंपळडोहला जात होते. परत आले ते तीन पानांचा मजकूर घेऊन. विहिरीचं पाणी पिण्यालायक नाही. बंधाऱ्याची एक बाजू खचते आहे, तिथून पाझर सुरू आहे. बंधारा पक्का केल्याशिवाय वाढीव संचाला संमती देऊ नये. शेवटच्या ओळीखाली त्यांनी मला रेघ मारायला सांगितली. मी एक मूळ आणि दोन कार्बन प्रती काढल्या. खरं तर एकच प्रत लागत असे, पण कार्बन जुना झाला की दुसरी प्रत कितपत उमटते ते बघायची मला सवय होती. ती जास्तीची प्रत माझ्या खणात राहिली.

पंधरा दिवसांनी वरून पत्र आलं. मजकूर नेमका सांगत नाही, पण अर्थ असा होता: वीज हा राज्याचा पहिला प्रश्न आहे, वीज केंद्रांचे संमतीचे अर्ज अडवून ठेवू नयेत, अटी घालून संमती द्यावी, आणि सरकारी वीज केंद्रावर खटला भरण्याचा विचार असेल तर आधी वरची परवानगी घ्यावी. कायदा बदलला नव्हता. त्याच्यावर एक पत्र ठेवलं होतं, एवढंच.

साहेबांनी भाऊंना बोलावलं. दार उघडंच होतं. साहेब वाईट माणूस नव्हते. ते भाऊंना खुर्ची देत, हे मी मुद्दाम सांगते, कारण त्या काळात सगळेच देत नसत.

"तुमचं म्हणणं बरोबर आहे," साहेब म्हणाले. "पण वीजही सरकारची आणि नियमही सरकारचा. मी काय करू?"

"एका हातानं दुसऱ्या हाताले धरता येते साहेब."

"मला नोकरी आहे. तुम्हालाही आहे."

त्या दुपारी साहेबांनी मला नवा मजकूर सांगितला. संमती देण्यास हरकत नाही. बंधाऱ्याची दुरुस्ती शक्य तितक्या लवकर करण्यात यावी. मी टाइप केला. जुनी तीन पानं फाइलीतून काढली गेली. संध्याकाळी भाऊ माझ्या टेबलाशी आले, प्रत वाचली आणि म्हणाले, "बाई, हे 'शक्य तितक्या लवकर' कोणत्या महिन्यात येते?"

मी हसले. मला वाटलं ते विनोद करत आहेत. बहुतेक करतच होते.

त्यानंतर दोन वर्षं ते पिंपळडोहला जात राहिले. दर अहवालात बंधाऱ्याबद्दल एक ओळ असे, आणि साहेबांकडून अहवाल परत येई तेव्हा ती ओळ खोडलेली असे. दर वेळी मी ती ओळ वगळून पुन्हा टाइप करत असे. भाऊ पुढच्या महिन्यात ती पुन्हा लिहीत. त्यांनी कधी आवाज चढवला नाही. फक्त ओट्यासमोर उभं राहण्याचा त्यांचा वेळ वाढत गेला.

दिवाळी होऊन गेली होती. पाऊस केव्हाच संपला होता, आकाश निरभ्र, धान कापणीला आलेलं. अशा एका भर दुपारी बंधारा फुटला.

कचेरीत फोन आला तेव्हा भाऊ बाटल्या धूत होते. त्यांनी हात पुसले नाहीत. पाणी गळत असलेल्या हातांनी तसेच माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

दुसऱ्या सकाळी जीप निघाली. साहेब, भाऊ, आणि पंचनामा उतरवून घ्यायला मी. पिंपळडोह मी पहिल्यांदाच पाहत होते. पाहण्यासारखं उरलं होतं ते इतकंच: नाला, शेतं, बांध, सगळं एकाच रंगाचं. करडं, ओलं, सपाट. मध्ये मध्ये धानाच्या लोंब्यांची टोकं वर आलेली. विहीर कुठे होती ते भाऊंनी बोटानं दाखवलं, नाहीतर कळलं नसतं. एक म्हातारा वाट अडवून उभा होता. आमच्या ड्रायव्हरला म्हणाला, "काहून आले गा आता? पाहाले?" ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि आम्ही चालत गेलो.

गिरजाबाईचा नवरा बैल सोडवायला नाल्याच्या अंगाला गेला होता. बैलही गेले आणि तोही. सकाळीच त्याला बाहेर काढलं होतं. अंगावरची राख वाळून तडकत होती. कोणीतरी तोंड तेवढं पुसलं होतं, आणि तेवढंच माणसाचं दिसत होतं.

तहसीलदार होते, वीज केंद्राचे इंजिनियर होते, पोलीस होते. गिरजाबाई भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. भाऊंना पाहून ती उठली.

"भाऊ, चार वर्षं तुमी इथून पाणी नेलं. काय निघालं त्यात?"

साहेब घाईनं पुढे झाले. "हे पाहा बाई, चौकशी होईल, सगळं रीतसर..."

"थांबा साहेब," भाऊ म्हणाले. साहेबांना त्यांनी असं कधी थांबवलं नव्हतं. मग ते तिच्याकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "पाणी पिण्यासारखं नव्हतं बाई. पहिल्या वर्षापासून नव्हतं. अन् बंधारा खचून राहिला हे मी दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतं. वीज पाहिजे म्हणून तो कागद मागं पडला."

माझी पेन्सिल थांबली. साहेब जमिनीकडे बघत होते.

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"नियम होता."

तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"तुमी सांगितलं असतं तं आमी त्या अंगाले बैल बांधले नसते, भाऊ," ती म्हणाली, आणि पुन्हा भिंतीला टेकून बसली.

परत येताना जीपमध्ये भाऊंच्या चपलांची राख पायाखालच्या पत्र्यावर वाळत होती.

महिन्याभरात त्यांच्यावर आरोपपत्र आलं. गुप्त माहिती उघड केली, आणि आपल्या खात्यानं अहवाल दडवला असा खोटा आरोप जाहीरपणे केला. खोटा, कारण फाइलीत तसा अहवाल नव्हता. फाइलीत होतं ते संमतीचं टिपण, दुरुस्तीच्या अटीसह. बंधाऱ्याची अट आमच्या खात्यानं घातलीच होती, असं त्यावरून सिद्ध होत होतं.

चौकशी अधिकारी बाहेरून आले होते. त्यांनी मला बोलावलं. समोर भाऊ बसले होते, पांढरा धुतलेला सदरा, गुंडी गळ्यापर्यंत लावलेली.

"यांनी म्हटल्याप्रमाणे तीन पानी अहवाल तुम्ही टाइप केला होता का?"

माझी नोकरी त्या आठवड्यात वाढवून मिळायची होती. माझ्या खणात, जुन्या कार्बनांच्या खाली, ती प्रत होती. भाऊंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते खिडकीबाहेर बघत होते.

"आठवत नाही," मी म्हटलं.

आयुष्यात आपण किती खोटं बोलतो. त्यातलं बहुतेक विसरून जातो. हे दोन शब्द मी अजून कधी कधी तोंडात घोळवते.

नोकरी गेली नाही त्यांची. बदली झाली, राज्याच्या दुसऱ्या टोकाला, एका कचेरीच्या आवक-जावक विभागात. पाण्याशी संबंध नाही. जायच्या सकाळी मी एसटी स्टँडवर गेले. भाऊंच्या पत्नी, आमच्या वहिनी, ट्रंकेवर बसल्या होत्या. भाऊ गाडीच्या पाटीकडे बघत उभे होते.

मी म्हटलं, "भाऊ, त्या अहवालाची प्रत माझ्याकडे होती. आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तुम्ही कार्बन नेहमी दोन लावता."

"मग तुम्ही मागितली का नाही?"

त्यांनी ट्रंकेचं कुलूप उगाच ओढून पाहिलं. "मी चार वर्षं तिले सांगितलं नाही. तुम्ही एक दिवस सांगितलं नाही. मी कोणत्या तोंडानं मागू?"

गाडी लागली. वहिनी चढल्या. भाऊंनी वर चढून खिडकीतून हात बाहेर काढला आणि म्हणाले, "नोकरी सांभाळा बाई." त्यात टोमणा नव्हता. तेच सहन होत नव्हतं.

नवा संच सुरू झाला. उद्घाटनाला मांडव पडले. वीजकपात एकदम संपली असं नाही, पण कमी झाली. भावाचे माग दिवसभर चालू लागले. आईनं सत्यनारायण घातला. मी प्रसाद वाटत होते आणि मागांचा आवाज भिंतीतून पाटात, पाटातून माझ्या अंगात येत होता. त्या आवाजानं माझं घर उभं राहिलं, हे मी कसं नाकारू? आणि तो आवाज कोणाच्या अंगणावरून आला होता, तेही.

मग वर्षं गेली. मी कायम झाले, पुढे टायपिंग सांभाळून आवक विभागात बसू लागले. कचेरीत नवे साहेब आले, हवेच्या प्रदूषणाचाही कायदा आला, खोल्या वाढल्या. वीज केंद्रही वाढत होतं. राखेला जागा पुरत नव्हती. दुसरा, मोठा बंधारा बांधायचं ठरलं आणि त्याची जागा पिंपळडोहवरच पडली. गाव आधीच अर्धं मोडलं होतं, त्यामुळे ते सोयीचं होतं.

एका सोमवारी खिडकीशी दोघं येऊन उभी राहिली. गिरजाबाईला मी ओळखलं. तिच्याबरोबरचा वाळलेला, पांढऱ्या केसांचा माणूस ओळखायला मला क्षणभर लागला. भाऊ निवृत्त होऊन रामटेककडे आपल्या गावी आले होते. बोलताना त्यांना मध्ये थांबून दम घ्यावा लागत होता.

"तक्रार अर्ज आहे बाई. नव्या बंधाऱ्याले संमती देऊ नये म्हणून. आवक नंबर द्या."

अर्ज त्यांच्याच छापल्यासारख्या अक्षरात होता. खाली दोन नावं: एक सही, एक अंगठा.

"भाऊ, आत या ना, बसा. साहेबांना भेटवते मी."

"नाही. आता मी बाहेरचा. नंबर तेवढा द्या."

मी शिक्का मारला. ती दोघं फाटकाबाहेर गेल्यावर मी घरी गेले, खणातून आणून ट्रंकेत जपून ठेवलेली ती तीन पानं काढली. अक्षरं फिकट निळी झाली होती, पण शेवटच्या ओळीखालची रेघ दिसत होती. मी ती अर्जाला टाचली, वर स्वतःच्या सहीनं लिहिलं की हा अहवाल मी टाइप केला होता, आणि फाइल स्वतः साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

मला वाटलं आता मला बोलावतील. विचारतील, इतकी वर्षं कुठे होता हा कागद. मी उत्तरं पाठ करून ठेवली होती. कोणी बोलावलं नाही. फाइल वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. त्या कागदाबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही. मधल्या काळात संमती दिली गेली, आणि बंधारा उभा राहिला.

उत्तर निघालं ते दोन वर्षांनी. मौजा पिंपळडोह हे गाव आता अस्तित्वात नसल्याने सदर तक्रार निकाली काढण्यात येत आहे. पाकीट भाऊंच्या पत्त्यावर गेलं आणि आठ दिवसांत परत आलं. पाकिटावर पोस्टमननं निळ्या पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला होता: मयत.

रविवारी मी रामटेकची गाडी धरली. तिथून पुढे त्यांच्या गावापर्यंत चालत. धानाच्या रोवणीचे दिवस होते, शेतात गुडघाभर पाणी. वहिनी ओसरीवर बसून रोपांच्या पेंढ्या बांधत होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"उन्हाळ्यात गेले," त्या म्हणाल्या. "दम लागे फार. शेवटपर्यंत पोस्टमनची वाट पाहून राहिले. मी म्हणे, कोण उत्तर देते आता? तं म्हणे, नंबर पडला आहे, सरकारले उत्तर द्यावं लागते."

मी पाकीट हातात धरून बसले होते. ते द्यावं कसं ते कळत नव्हतं. शेवटी म्हटलं, "वहिनी, अर्जावर गिरजाबाईंचंही नाव होतं. त्यांचा पत्ता कुठे मिळेल?"

वहिनींनी बसल्या जागेवरूनच हाक मारली. "गिरजे, ये वं इकडे!"

ती मागच्या अंगणातून आली. लुगडं वर खोचलेलं, पोटऱ्यांपर्यंत चिखल. गाव उठलं तेव्हा भाऊंनीच तिला लेकरांसह इथे आणलं होतं. मागची खोली तिची, शेतात निम्मं काम तिचं. आमच्या कचेरीत हे कोणालाच ठाऊक नव्हतं. गावच उरलं नव्हतं, तर तिचा पत्ता विचारायचा तरी कोणाला?

"पत्र आलं, गिरजाबाई," मी म्हटलं.

"वाचा."

मी वाचलं. हे वाक्य मीच टाइप केलं होतं, पण मोठ्यानं पहिल्यांदाच म्हटलं. वाचून झालं तेव्हा वहिनींच्या हातातली पेंढी तशीच होती.

"आमचं गाव नाही म्हणून राहिले ते?"

"हाव," मी म्हटलं. ती आमच्या घरची बोली कचेरीत मी कधी बोलत नसे.

गिरजाबाईनं लुगड्याला हात पुसले आणि कागद घेतला. तिला वाचता येत नव्हतं. ती ओळींवरून बोट फिरवत राहिली.

"यात नाव आहे ना गावाचं? कुठी आहे?"

मी दाखवलं. तिनं तिथे बोट टेकवून ठेवलं.

"वाचा एकदा."

"मौजा पिंपळडोह," मी वाचलं.

"आणखी एकदा वाचा, बाई. कोणी घेत नाही हे नाव आता."